खांद्यावरची थाप

कालिनिव्का, सस्कॅचेवान
११ जानेवारी १९८७

ओरेस्ट,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, बघितलंस ना? दात बसवून झाला की लिहीन. समोरचा, वरचा, डावीकडचा. दुकानात मटण घ्यायला येणारी गिऱ्हाईकं हल्ली मटणाकडे कमी आणि माझ्या तोंडात जास्त बघतात.

सगळ्यांना सांगितलंय, दारातल्या बर्फावर घसरले. डेंटिस्ट म्हणाला, "स्टेफा, तुमच्या दारातल्या बर्फाला चार बोटं आहेत वाटतं." मी म्हटलं, "यंदा थंडी जरा जास्तच आहे." तो गप्प बसला. तूही आता गप्प बस आणि ऐक.

तुमच्या बर्फावरच्या हॉकीच्या टीममध्ये पोरांची पत्रं आधी कोचच्या टेबलावर जातात, असं तूच सांगितलं होतंस. तेव्हा कोच हॅलोरन, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही नमस्कार, आणि तुमचं वाटोळं होवो.

तू मुद्दाम मारलं नाहीस हे मला कळतं रे. म्हणून तर जिवाला घोर लागलाय. मुद्दाम मारलं असतंस तर मी सॉसेज भरायच्या दांडक्याने तुझी पाठ सोलून काढली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मी केलं काय होतं? सहा जानेवारी, आपल्या युक्रेनी पंचांगातली नाताळची आदली संध्याकाळ. पहिली चांदणी दिसली म्हणून आईने मेणबत्ती लावली, बाबांनी प्रार्थना म्हटली. मी बोर्शचा वाडगा घेऊन तुझ्या मागून आले आणि वाडगा घे म्हणून तुझ्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. बस्स. तू उठलास, वळलास, आणि मूठ माझ्या तोंडावर. बीटाचा लालभडक बोर्श आईच्या भरतकामाच्या कापडावर, माझं रक्त त्या बोर्शवर, आणि आई फडकं घेऊन नुसती उभी, कारण कुठलं काय ते तिला कळेना.

आणि तू? माझ्याकडे बघतही नव्हतास. तू भिंतीकडे तोंड करून उजवा हात पुढे केला होतास, तळवा वर. काहीतरी मिळायचं असल्यासारखा.

नंतर न्हाणीघरात माझ्या तोंडाला थंड फडकं लावताना तूच सांगितलंस. कोच बोलत नाही, नुसता मागे येऊन दोनदा थोपटतो. एकदा थोपटलं तर तयार राहायचं, दोनदा थोपटलं की उडी मारून बर्फावर जायचं, हातमोजे फेकायचे आणि समोरच्या टीमचा जो कोणी त्या दिवशी ठरलेला असेल त्याचं तोंड फोडायचं. मग पाच मिनिटं खेळाबाहेर बसायची शिक्षा भोगून परत आलास की तो खिशातून दालचिनीचं च्युइंगम काढून तळव्यावर ठेवतो. बाकी कुणाला देत नाही, फक्त तुला. हे सांगताना तुझा चेहरा उजळला होता, ओरेस्ट. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं आणि तुझा चेहरा उजळला होता!

म्हणून मी टेबलावर सगळ्यांसमोर बोलले ते बोलले. "कोचचं पाळीव कुत्रं," असं म्हटलं. आणि परत म्हणेन. तू बॅग उचलून, खसखशीच्या गोडाला हात न लावता निघून गेलास, तो तुझा मान. पण आपल्या घरात असल्या माणसांना काय काय म्हणायचे ते आठव. धान्याच्या कोठारावर बाबा कामाला होते तेव्हा मॅनेजरची बॅग गाडीपर्यंत न्यायला नकार दिला म्हणून त्यांची नोकरी गेली. जे बॅगा न्यायचे त्यांना बाबा काय म्हणायचे? लाळघोटे, बूटचाटे, हुजरे, थुंकी झेलणारे. जेवताना एकेक शब्द असे दात खाऊन म्हणायचे की मी आणि तू टेबलाखाली एकमेकांना लाथा मारून हसायचो. त्यातला कुठला शब्द तुला लावू? कारण बाकीची दुनिया तोंडाने मस्का लावते, तू मुठीने लावतोस. दुसऱ्याच्या थोबाडावर.

दहा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्याहून. तुझी ढुंगणं धुतलीत. मला उत्तर पाठव.

स्टेफा

*

४ फेब्रुवारी १९८७

ओरेस्ट,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला अस्वलाचं चित्र, मागे चार ओळी. मी त्या चार ओळी दुकानाच्या शीतखोलीत, टांगलेल्या डुकरांच्या मधे उभी राहून वाचल्या, कारण बाहेर वाचल्या असत्या तर गिऱ्हाईकांसमोर रडू फुटलं असतं.

"मी कुणाचा चमचा नाही. कोचला माझी गरज आहे. दात दुखतो का? व्हासिल मामाची तब्येत कशी आहे?"

ओरेस्ट, व्हासिल मामा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या शवपेटीला पुढून डावीकडे तू खांदा दिलास. परवाच्या नाताळच्या जेवणात गेलेल्या माणसासाठी रिकामं ताट मांडलं होतं ते त्याचंच होतं, आणि ते तुझ्या शेजारी होतं. त्यात तूच पावाचा तुकडा ठेवलास.

आणि अक्षर! पहिली ओळ सरळ, चौथी घसरत कार्डाच्या कोपऱ्यात जाऊन पडलीय. माझं नाव तू 'स्फेटा' लिहिलंयस. पाच वर्षांचा होतास तेव्हा बरोबर लिहायचास.

डोकं किती दुखतं? खरं सांग. नाताळला दिव्याकडे बघताना तू डोळे बारीक करत होतास, आईला वाटलं तू लाजतोयस. नोव्हेंबरमध्ये त्या लाल केसांच्या पोराने तुला बर्फावर आपटलं तेव्हा तू किती वेळ पडून होतास? बाबा म्हणतात लगेच उठला. बाबा तिथे नव्हते.

बाबांचं काय सांगू! ज्या माणसाने जन्मात तुला 'बरं केलंस' म्हटलं नाही, शाळेत नंबर आणलास तेव्हा "बाकीची पोरं आजारी होती का?" विचारलं, तो माणूस आता पेपरातले तुझे फोटो कापून पाकिटात ठेवतो. रोज सकाळी को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर ते पसरतो. "हा बघा माझा पोरगा. हा खाली पडलाय तो सहा फूट चार इंच होता." तुझ्या नाकातून रक्त येतंय त्या फोटोवर तर त्यांचा विशेष जीव. टोळकं वाहवा करतं आणि बाबा छाती फुगवून दुसरी कॉफी मागवतात. गोल मारलास तेव्हा एक शब्द नाही, दुसऱ्याचं जबड्याचं हाड मोडलंस तेव्हा फोन! तुला कुणाकुणाची मर्जी सांभाळायचीय ते मला दिसतं रे. एकट्या कोचची असती तर मी इतकी घाबरले नसते.

आणि हे ऐक. परवा बाबा दुकानात आले, टोपी हातात. "स्टेफा, तुझ्या हातचं चांगलं सॉसेज बांधून दे. मोठं वेटोळं."

"कुणाला?"

"कोचला पाठवतो. पोराकडे जरा लक्ष ठेवील."

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "बाबा, मॅनेजरची बॅग उचलायला तुमचे हात मोडत होते. आता ह्याच्या ताटात सॉसेज वाढायला निघालात? ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, शब्द सगळे तुमचेच आहेत."

ते लालबुंद झाले. "तुला खेळातलं काय कळतंय, म्हशी?"

"मांसातलं कळतं. किती ठोकलं की लगदा होतो ते कळतं."

सॉसेज दिलं मी शेवटी. लसूण तिप्पट घातला. कोच हॅलोरन, तुमच्या अंगाला अजून वास येत असेल तर तो माझा.

आता कामाचं. डोक्यावरचं हेल्मेट. मारामारीच्या आधी तुम्ही दोघंही हेल्मेट काढून फेकता, तो म्हणे तुमच्यातला शिष्टाचार. समोरच्याचे हात फुटू नयेत म्हणून! आणि तुझं उघडं डोकं दिसलं की रिंकच्या बर्फाभोवती बसलेली सगळी माणसं उभी राहून किंचाळतात, ते तुला आवडतं. मला माहीत आहे आवडतं. पण खाली पडलास तर खाली गादी नसते, बर्फ असतो, आणि आपल्या दारातला बर्फ फोडायला बाबांना पहार लागते. पट्टा हनुवटीखाली घट्ट बांध आणि काढू नकोस. ते भित्रा म्हणाले तर म्हणू देत.

कपडे धुताना आईला तू इथेच टाकून गेलेल्या नाताळच्या पँटच्या खिशात च्युइंगमचे कागद सापडले. चांदीचे. सरळ करून, एकावर एक ठेवलेले. तिने ते इस्त्री केल्यासारखे पुस्तकात ठेवलेत, तुला परत द्यायला. मी बघितले आणि पुस्तक धाडकन मिटलं.

डॉक्टरकडे जा. टीमच्या नाही, दुसऱ्या.

स्टेफा

*

२७ फेब्रुवारी १९८७

ओरेस्ट, माझ्या राजा,

फोनवर तू ओरडलास म्हणून पत्र लिहितेय. पत्रावर ओरडता येत नाही.

तू डॉक्टरकडे गेलास, हे चांगलं केलंस. त्याने काय सांगितलं? वर्षभर डोक्याला धक्का नको. एवढं सरळ सांगितलं. आणि तू ते घेऊन कुठे गेलास? कोचकडे! तो म्हणाला, "डॉक्टरला आजारी माणसं लागतात, मला खेळाडू लागतात. तुझ्यासारखा पोरगा मला वीस वर्षांत मिळाला नाही." आणि तू विरघळलास. अरे, तो दर सीझनला एकाला हेच सांगतो. तुझ्याआधी तुमच्याच टीममधल्या त्या पोलिश पोराला सांगितलं होतं. तो आता कुठे आहे विचार. आईबरोबर राहतो आणि दुपारी पडदे ओढून बसतो.

हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय तो तुला, आणि खाली उभा राहून दुसऱ्यालाही चढवतोय.

मला सगळं कळलंय. सात मार्चला मेलफोर्टला मॅच आहे. वरच्या टीमची माणसं बघायला येणार आहेत. समोर तो ट्रिंबल, दोनशे चाळीस पौंडांचा. कोच म्हणाला, ट्रिंबलला लोळव, मी तुझं नाव पुढे करतो. तू फोनवर म्हणालास, "स्टेफा, फक्त हा एकच. मग कुणाला खूश करायला नको, मग मी माझा मी." मी काय म्हटलं ते परत लिहिते. असा शेवटचा एकच कधी नसतो. वरच्या टीममध्ये पण कोच असतो, त्याला पण हात असतो, आणि तुला पण खांदा असतो.

मेलफोर्ट इथून दोन तासांवर आहे. मी येतेय. बाबाही यायचे म्हणत होते, मी ट्रकची किल्ली लपवलीय. पोलीस म्हणून नाही येत, बहीण म्हणून येतेय. तुमच्या बाकामागची जागा घेतलीय. मला तुझ्याकडून फक्त एवढं हवंय की तू बसून राहा. त्याने दोनदा थोपटलं तरी बसून राहा. तुझ्या आयुष्यात एकदा कुणाचा तरी हिरमोड कर. मेलास तर मी कुणाशी भांडू?

कोच हॅलोरन, हे तुम्हीही वाचताय असं धरून लिहिते. मी दिवसभर डुकराचे पाय सांध्यात मोडते. तुमचा हात माझ्या भावाच्या खांद्यावर दिसला तर मी तो मोडीन. धमकी नाही, माहिती आहे.

तुझी
स्टेफा

*

१६ मार्च १९८७

प्रिय ओरेस्ट,

हे तुला नर्सबाई वाचून दाखवतील. बाई, सावकाश वाचा, आणि मधे शिव्या आल्या तर गाळू नका, त्याला माझ्या शिव्यांची सवय आहे. तुला सस्कटूनला हलवलं तेव्हा मला यायचं होतं, पण मेलफोर्टच्या पोलिसांनी सोडलं तेव्हा कोर्टाच्या तारखेपर्यंत गाव सोडायचं नाही अशी अट घातलीय. आई तुझ्याजवळ आहे. ती बोलत नसेल, नुसती हात धरून बसली असेल. तिला तेवढंच जमतं.

काल तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "कोण जिंकलं?" आईने फोनवर सांगितलं. डॉक्टर म्हणाले विचारतोय हे फार चांगलं लक्षण आहे. मी भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

तुला आठवत नाही, म्हणून मी सांगते. बाबा एक सांगतील, पेपरात दुसरं येईल. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते.

दुसऱ्या भागापर्यंत तू बसून होतास. तू मला बघितलंस, हसला नाहीस, पण मान हलवलीस. मला वाटलं, ऐकलं पोराने. मी मनातल्या मनात देवाला मेणबत्ती बोलले. मग ट्रिंबलने तुमच्या एका छोट्या पोराला कठड्यावर चिरडलं आणि सगळं रिंक तुझं नाव घ्यायला लागलं. ओ-रेस्ट, ओ-रेस्ट. वरच्या टीमची दोन माणसं वह्या घेऊन उभी राहिली. हॅलोरन बाकामागून चालत आला. ओरडला नाही, काही नाही. केस नीट केले त्याने. बघतायत ना लोक, म्हणून. त्यालाही कुणावर तरी छाप पाडायची होती, हे मला तेव्हाच दिसलं.

त्याचा हात उठला. एक थाप पडली.

दुसरी पडायच्या आत मी तो हात धरला. आमच्या मधे फक्त लोखंडी दांडी होती. मी तो दांडीवर आडवा घेतला आणि पहिली दोन बोटं मागे मोडली, दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार देऊन. आवाज आला. दुकानात येतो तोच. तो किंचाळला तसं मी जन्मात कुणा पुरुषाला किंचाळताना ऐकलं नाही. कुणीतरी माझ्या पाठीत काठी घातली, कुणी केस ओढले, मी त्याच्या कानाला चावले. बाई, गाळू नका. कानाला चावले आणि सोडला नाही.

आणि मला वाटलं, झालं. दुसरी थाप पडलीच नाही, म्हणजे आता तू जाणार नाहीस. दोन पडल्याशिवाय जायचं नाही, हा तुमचा नियम, तूच सांगितलेला.

पण तू एकीवरच गेलास.

मी लोकांच्या पायांत पडले होते. कठड्याच्या फटीतून बघितलं, तर तू बर्फावर, हातमोजे खाली, आणि ते हेल्मेट! ते तू डोक्यावरून काढलंस आणि लोकांकडे भिरकावलंस. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तू ट्रिंबलला पकडलंस आणि मारलंस, एक, दोन, तीन, त्याच्या भुवईची चिंधी झाली. तू जिंकत होतास रे. तो गुडघ्यावर येत होता. आणि मग तू मान वळवलीस.

तू मागे बघितलंस, बाकाकडे. त्याने बघितलं का ते बघायला.

तो बघत नव्हता. तो आपली बोटं धरून खाली वाकला होता. तू तरी शोधत राहिलास, चेहरा एवढासा करून, शाळेच्या नाटकात बाबा आलेत का म्हणून पडद्यातून बघायचास तसा. ट्रिंबलने डोळ्यांत रक्त गेलेल्या अवस्थेत नुसता हात फिरवला. त्याला दिसतही नव्हतं. तो ठोसा तुझ्या कानामागे लागला आणि तू सरळ, हात न टेकता, मागे पडलास. डोकं आधी.

त्याचाही आवाज आला. त्याचं मी लिहीत नाही.

ट्रिंबल रडत होता. एवढा मोठा रेडा, बर्फावर बसून, तुझं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होता, "उठ ना यार, उठ ना." त्याच्यावर राग धरू नकोस. त्यालाही कुणीतरी थोपटलं असेल.

लोक म्हणतायत मी हॅलोरनचा हात धरला नसता तर त्याने बघितलं असतं, तू मान परत वळवली असतीस आणि वाचला असतास. बाबा पण म्हणाले. स्वयंपाकघरात माझ्या तोंडावर म्हणाले, "तू त्याला मारलंस." मी म्हटलं, "मी दोन बोटं मोडलीत. पोराला लहानपणापासून दाराकडे बघायला कुणी लावलं, ते सांगा." त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी त्यांच्या. आता आम्ही बोलत नाही. त्यांनी फोटो पाकिटातून काढून स्टोव्हमध्ये घातले, ते मात्र मी बघितलं.

मला बोटांबद्दल जराही वाईट वाटत नाही. तीन राहिली ह्याचं वाटतं.

'प्रिय' लिहिलंय, बघितलंस ना? दात बसला.

स्टेफा

*

७ जानेवारी १९८८
कालिनिव्का, आपलं स्वयंपाकघर

प्रिय ओरेस्ट,

तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस. तरीही पत्र लिहितेय, कारण तुला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, जे सकाळी आठवायला हवं ते सोप्या वाक्यांत लिहून ताटाजवळ ठेवा. तो दहा ओळी वाचेल, थांबेल, परत वाचेल. घाई करू नका. तेव्हा घाई करू नकोस. दूध प्यायला घे आणि वाच.

मी स्टेफा. तुझी बहीण. तू घरी आहेस.

हॉकी संपली. तुला आता कुणाला हरवायचं राहिलेलं नाही.

हॅलोरन अजून कोच आहे. त्याची दोन बोटं वळत नाहीत. आता तो पोरांना काठीच्या टोकाने थोपटतो, असं ट्रिंबलने सांगितलं. ट्रिंबल म्हणजे तो मोठा मुलगा, जो दर महिन्याला येतो आणि तुझ्याशी पत्ते खेळतो. तो तुझा मित्र आहे. तो खेळ सोडून गॅरेजमध्ये काम करतो. न्यायाधीशांनी मला विचारलं, पश्चात्ताप होतो का. मी म्हटलं, पहिल्या बोटाचा नाही, दुसऱ्याचा विचार करून सांगते. मला वर्षभर कुठल्याही रिंकच्या दारात पाऊल ठेवायला बंदी आहे. ही शिक्षा मी अगदी आनंदाने भोगतेय.

आता काल संध्याकाळचं. ते तुला आठवणार नाही, पण बाबांच्या नाकावर पट्टी दिसेल आणि तू घाबरशील. म्हणून लिहिते.

काल नाताळची आदली संध्याकाळ होती. पहिली चांदणी तुला दिसली. तूच ओरडलास, "दिसली!" आई इतकी हसली की तिला बसावं लागलं. आपण सगळे टेबलावर बसलो. बाबा पण होते. बाबा आणि मी ह्या वर्षभरात पंधरा-वीस वाक्यं बोललो असू, त्यातली निम्मी "मीठ दे" अशी. काल त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं. दाढी केली होती, चांगला शर्ट घातला होता. प्रार्थना झाली आणि ते उठले. तुझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

घरात सगळ्यांना माहीत आहे की तुला हाक मारायची ती समोरून. नावाने. मागून हात लावायचा नाही. बाबांनाही माहीत आहे, पण काल ते विसरले. ते म्हणाले, "पोरा, मी तुला कधी सांगितलं नाही. तू लहानपणापासून चांगलाच होतास. काही न करता चांगला होतास." मी त्या माणसाच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं. तुझ्यासाठी म्हणून इतकी वर्षं राखून ठेवलेली ती थाप असेल, देव जाणे. त्यांनी तुझ्या उजव्या खांद्यावर थोपटलं. एकदा. आणि मग परत एकदा.

तू उठलास, वळलास, आणि बाबा भिंतीवर.

नाक मोडलं त्यांचं. ताटं पडली, बोर्श परत त्याच कापडावर, आई किंचाळली. तू दुसरा ठोसा घालायला हात उचलला होतास आणि बाबांनी तोंडापुढे हातसुद्धा घेतला नाही. खाली बसून, नाकातून धार लागलेली, ते तुझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मार. मार, बाळा." मी त्यांच्यावर ओरडले, "गप्प बसा! अजून सांगताय त्याला?" आणि मधे पडले.

तू थांबलास. तुझा चेहरा उजळला. तू माझ्याकडे वळलास आणि उजवा हात पुढे केलास, तळवा वर.

ओरेस्ट, मी कुणाला भीत नाही. पण तुझ्या त्या हाताला भ्याले. तू वाट बघत होतास. तू विचारलंस, "बरोबर मारलं ना?" बाबा जमिनीवर बसून तोंडावर हात धरून रडत होते आणि तू परत विचारलंस, हळूच, आता जरा घाबरून, "स्टेफा, बरोबर मारलं ना? बघितलंस ना तू?"

हो म्हटलं असतं तर तू खूश झाला असतास. एवढंच हवं होतं तुला. एक शब्द. मी म्हटला नाही. नाही असंही म्हटलं नाही, कारण तुझा ओठ थरथरायला लागला होता. टेबलावर कोलाच होता, आईने वळून केलेला गोल पाव. मी त्याचा तुकडा मोडला आणि तुझ्या तळव्यावर ठेवला. तू खाल्लास. मग मी बाबांना उठवलं, खुर्चीवर बसवलं, त्यांचं नाक पुसलं आणि त्यांच्याही हातावर एक तुकडा ठेवला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला.

आता नीट वाच. हे दोनदा वाच.

ज्याला तू मारलंस ते बाबा होते. ते रागावलेले नाहीत. सकाळी ते तुझ्यासमोर येऊन बसतील, समोरूनच.

पाव तू मारलंस म्हणून दिला नाही. तू जेवायला बसला होतास म्हणून दिला. ह्या घरात पाव टेबलावरच असतो. हात पुढे करायचा आणि घ्यायचा. कुणी बघतंय का ते बघायचं नाही.

दूध संपव.

स्टेफा